फटफटीच्या खोडी
नवरा वारल्यावर महिनाभरानं त्याची जुनी फटफटी घ्यायला टेंभुर्णीचा मच्छिंद्र आला, तेव्हा चतुराबाईनं गाडीच्या साऱ्या खोडी सांगितल्या. पेट्रोलात ऑइल घालायचं, प्लग काळा पडला की चिंधीनं पुसायचा. सांगताना आवाज कापला नाही. मच्छिंद्र किक मारमारून घामाघूम झाला. "मावशी, ही चालू होऊन न्हाई राह्यली." "एकट्यानं होतच न्हाई ती. गिअर टाकून बसा." सवयीनं पदर खोचून तिनं मागून धक्का दिला. फटफटी खोकत खोकत चालू झाली. "अजून काही सांगायचं राह्यलं का?" मच्छिंद्र ओरडला. "न्हाई. बिलकुल न्हाई." पदर तसाच खोचलेला, ती पुलाजवळच्या वळणाकडं बघत उभी राहिली. तिथं नवरा न चुकता हॉर्न वाजवायचा, मगच ती घरात जायची. गाडी दिसेनाशी झाली. चतुराबाई मात्र उभीच. मच्छिंद्रला तेवढं सांगायचं राहून गेलं होतं.