माळवदावरचा पिंपळ

सोनाजीचा टाळ दुसऱ्यांदा चुकला, तेव्हा शेजारच्या टाळकऱ्यानं त्याला कोपरानं ढोसलं. तीस वर्षांत असं झालं नव्हतं. काल्याचं कीर्तन रंगात आलं होतं, महाराज गोपाळांच्या शिदोऱ्या एकेक करून सोडत होते, बायाबापड्या तोंडाला पदर लावून हसत होत्या. सोनाजीचा कान मात्र तीन गल्ल्यांपलीकडं, आपल्या घराच्या माळवदावर होता. कुदळीचा आवाज येतो का, ते तो ऐकत होता. एवढ्या भोंग्यापुढं तो येणार नाही, हेही त्याला कळत होतं.

घर जुनं, मातीच्या छताचं. अंगणातल्या कडुलिंबानं सगळ्या माळवदावर सावली धरलेली. उन्हाळ्यात घर माठासारखं गार राहायचं. स्लॅबचा विषय निघाला की सोनाजी उठून जायचा, कारण स्लॅब म्हणजे लिंबाच्या फांद्या गेल्याच. दरसाल मृगाच्या आधी फारुक मिस्त्री यायचा, कुजलेला पाला काढायचा, पांढरी माती पसरून चोपून द्यायचा. पण जिथं सावली तिथं पाखरं, आणि पाखरांच्या विष्ठेतून पिंपळाचं बी पडतं. दोन वर्षं सोनाजीनं रोपाकडं कानाडोळा केला. औंदा ते कमरेएवढं झालं, मूळ तुळईच्या खाचेत शिरलं. बरोबर त्याखालच्या खोलीत सून मिना महिन्याभराचं लेकरू घेऊन निजायची. सकाळी दुपट्यावर चिमूटभर माती सापडायची. काल ओंजळभर सापडली.

उपटायचा, पण कोणी? पिंपळ उपटणाऱ्याचा वंश बुडतो, असं गाव मानतं. गळ्यात माळ असलेल्यानं तर त्याला हातच लावायचा नाही. त्यावर गावानं आपली रीत काढलेली होती. फारुकला सांगायचं आणि आपण कुठंतरी निघून जायचं. डोळ्याआड झालं की घराला दोष लागत नाही. सोनाजीनंही तेच केलं. काल्याच्या वेळेला या म्हणाला, मी घरी नसेन. फारुकनं मान डोलावली. लवकर उरकून घेतो म्हणाला, कारण त्याची लेक हुमेरा बाळंतपणाला आली होती, दिवस भरले होते, आणि दुपारी तिला वसमतच्या दवाखान्यात दाखवायचं होतं.

सकाळी हे बोलणं सोनाजीच्या कानावरून निघून गेलं होतं. महाराज पेंद्याच्या भाकरीवर आले, तेव्हा ते आत उतरलं. पेंद्या शिळी भाकरी लाजून काखेत लपवतोय आणि देव नेमकी तीच ओढून घेतोय, सगळ्यांच्या दहीभातात कालवतोय. गोड असो की शिळं, काल्यात माझं-तुझं उरत नाही बाबांनो, महाराज म्हणाले, आणि मंडप हसला. सोनाजीला हसू आलं नाही. आपल्या नातवावरचं अरिष्ट आपण फारुकच्या होणाऱ्या नातवावर लोटून आलो, ते त्याला लख्ख दिसलं. त्यानं टाळ खाली ठेवले. हंडी फुटायच्या आत, काला न घेताच तो मंडपातून उठला.

आधी चालला, मग पळत सुटला. चप्पल मंडपाशीच राहिली, हे फुफाटा भाजू लागल्यावर कळलं.

शिडी लावलेली होती, तो भराभर चढला. वर फारुक उकिडवा बसला होता. बुंध्याभोवतीची माती त्यानं वीतभर खोल उकरली होती, कुदळ बाजूला ठेवली होती. झाड उभं होतं.

"थांबले काहून, फारुकभाई?" सोनाजीनं धापा टाकत विचारलं.

"हात जाईना." फारुक कसनुसा हसला. "आजवर सात घरचे उपटले म्या, भाऊ. सातही घरी कोणी नव्हतं. कोणी बाजारला, कोणी लेकीकडं. तुमी कीर्तनाला. कधी काई वाटलं न्हाई. औंदा घरात पोरगी हाय."

राहू द्या मग, असं सोनाजीच्या ओठावर आलं, तेवढ्यात खालून मिनानं हाक मारली. मामा, वर कोण चालून राहिलं, माती पडून राहिली इथं, लेकराच्या तोंडावर आली. सोनाजीनं तिला लेकरू घेऊन ओसरीत जायला सांगितलं. मग त्यानं धोतराचा सोगा खोचला, फारुकसमोर गुडघे टेकले आणि बुंधा मुठीत धरला.

फारुकनं त्याचं मनगट पकडलं. "तुमी माळकरी माणूस. उतरा खाली. मी बघतो."

"धरा," सोनाजी म्हणाला. "दोघं मिळून वढू."

पहिल्या हिसक्याला काहीच हललं नाही. दुसऱ्याला खाली लाकूड करकरलं. तिसऱ्याला मूळ असं सुटलं की दोघंही मागं फेकले गेले. झाड सोनाजीच्या मांडीवर पडलं. फारुक आधी उठला, भोकात वाकून त्यानं तुळई चाचपली. शाबूत हाय म्हणाला, आणि चिखलाचं घमेलं जवळ ओढलं.

तिकडं भोंगा बंद झाला. काला वाटून झाला होता. हातात द्रोण घेतलेली माणसं गल्लीच्या तोंडाशी दिसू लागली. पुढं पोरं, मागं बायका, त्यांच्या मागं गळ्यात टाळ अडकवलेले म्हातारे.

फारुकनं चिखलानं भरलेला हात पुढं केला. आवाज खाली आणून म्हणाला, "द्या ते इकडं. लोकं येऊन राहिले. माझ्या हातात दिसू द्या."

सोनाजीनं झाड दिलं नाही. ते दोन्ही हातांत धरून तो उठला, आणि लिंबाच्या सावलीतून निघून माळवदाच्या काठावर, उन्हात, येऊन उभा राहिला.