आक्कावणं

कारखान्यात बायकांची बसायची स्टुलं काढून घेतली त्या दिवशी आक्का सरळ जमिनीवर बसकण मारून शर्टांच्या घड्या घालायला लागली. मुकादम खो खो हसला आणि कारखान्याला नवा शब्द मिळाला, आक्कावणं. मग कुणी जरा रेंगाळली की त्याची आरोळी ठरलेली, "ए, आक्कावू नकोस!" बायकाही एकमेकींना तसंच चिडवायच्या. आक्काही आता उभ्यानेच घड्या घालायची.

परवा नवीन आलेली गरोदर पोर टेबलाला जरा टेकली, तर मुकादम तिच्यावरही तसाच खेकसला. तिने भांबावून शेजारणीला विचारलं, "मावशी, आक्कावणं म्हणजे काय हो?"

शेजारीण नेमकी आक्काच. सगळ्यांनी जिभा चावल्या.

आक्काने एक रिकामं खोकं उपडं केलं, पोरीला त्यावर बसवलं आणि आपण खाली फतकल मारली. "हे असं."

एकेक करत सगळ्या बायका खाली बसल्या.

मुकादम धावत आला. "ही काय आक्कावायची वेळ आहे?"

"शब्द माझ्या नावाचा आहे, मुकादम," पुढचा शर्ट मांडीवर ओढत आक्का म्हणाली. "वेळही मीच ठरवणार."