हरण्याची नोकरी

ताराचंद बुरडेनं सर्व्हिस सरळ जाळीत मारली. खापरखेड्याच्या क्लबात जमलेल्या माणसांनी माना हलवल्या. ज्यानं बॅडमिंटनच्या राष्ट्रीय स्पर्धा गाजवल्या, त्याची सर्व्हिस जाळीत? अंपायरच्या उंच खुर्चीवरून हेडक्लार्क भैय्याजी मात्र समाधानानं म्हणाले, "शून्य-शून्य. सर्व्हिस साहेबांची."

गुडघा गेल्यापासून ताराचंद नोकरी शोधत होता. ज्या ऑफिसात जाई, तिथले साहेब त्याला चहा पाजत, त्याच्याच जुन्या सामन्यांच्या गोष्टी त्याला रंगवून सांगत आणि जागा नाही म्हणत. सध्या तो नागपुरात सीताबर्डीवर मेव्हण्याच्या दुकानात लुगड्यांच्या घड्या घालायचा. त्या इतक्या वाकड्या पडत, की मेव्हणा गिऱ्हाइकांदेखत उसासे टाकी. अशात खापरखेड्याहून बोलावणं आलं. वीजकेंद्राच्या कॉलनीतला क्लब सांभाळायला माणूस हवा होता. पगार होता, क्वार्टर होतं. फक्त आधी केंद्राचे मोठे साहेब, देशकरसाहेब, यांच्याशी एक गेम खेळायचा होता.

"आयुष्यभर जिंकले, त्यात कपाटभर कप भेटले," बायको, पंचफुला, निघताना म्हणाली होती. "एकदा हरून पाहा नं जी."

क्लबात पोचल्यावर भैय्याजींनीही त्याला माठामागं ओढलं. "साहेबाले हरवू नको गा. या क्लबात साहेब हरल्याचं मले तरी आठवत नाही."

मुद्दाम हरायची ताराचंदला सवय नव्हती, पण योजना सोपी होती. त्या काळी गुण मिळे तो सर्व्हिस करणाऱ्यालाच. तेव्हा आपली सर्व्हिस जाळीत घालून ती साहेबांना द्यायची, आणि साहेबांनी फूल, म्हणजे शटल, मारलं की रॅकेट नुसतीच हवेत फिरवायची. योजनेत काही खोट नव्हती. फक्त साहेबांची सर्व्हिसही जाळीत गेली.

मग ताराचंदची गेली. परत साहेबांची. चहा आला, थंड झाला. पहिल्या रांगेतल्या स्टोअरकीपरला डुलकी लागली. भैय्याजींचा "शून्य-शून्य" हळूहळू देवळातल्या जपासारखा येऊ लागला. ताराचंदला फायनलमध्येही इतका घाम फुटला नव्हता. एवढा वाईट खेळाडू त्यानं जन्मात पाहिला नव्हता. अशा माणसाकडून हरायचं तरी कसं? क्वार्टर दूर चाललं होतं आणि मेव्हण्याचे उसासे जवळ येत होते.

शेवटी साहेब जाळीपाशी आले. मुद्दाम जाळीत मारता का, असं त्यांनी हळूच विचारलं.

ताराचंदनं मान खाली घातली. "नोकरी पाहिजे होती साहेब."

"अन् मी काहून मारून राहिलो असं वाटते तुम्हाले?" साहेब हळवे झाले की त्यांची पुस्तकी मराठी गळून पडे. "तुमची फायनल मी उभ्यानं पाहिली, तिकीट काढून. तवापासून मले तुमच्याकडून हरायचं आहे. नोकरी तर सकाळीच पक्की केली. आता खेळा नं बाप्पा."

ताराचंदनं रॅकेट पॅन्टला पुसली आणि सर्व्हिस केली.

स्टोअरकीपर जागा झाला. फूल कधी साहेबांच्या डोक्यावरून जाई, कधी पायाशी पडे. साहेब धावले, घसरले, एकदा तर जाळीच्या खांबालाच मिठी मारून थांबले. चष्मा दोनदा पडला. पंधरा-शून्य झाल्यावर त्यांनी धापा टाकत ताराचंदचा हात धरला. चेहरा असा, जणू गळ्यात पदक पडलंय.

टाळ्या वाजवाव्यात की नाही, कुणालाच कळेना. सगळ्यांनी अंपायरकडं पाहिलं.

भैय्याजी खुर्चीवरून उठले, घसा खाकरला आणि एवढ्या वर्षांच्या सवयीनं जाहीर केलं, "पंधरा-शून्य. साहेब विजयी."