ॲम्प परत बंद पडला

"बाबा, तुम्ही दोघं एकदाचे वेगळे का होत नाही?"

मैत्रिणींनी पैजच लावली होती, विचारून दाखव म्हणून. वर्गात भुंगीची जीभ कात्रीसारखी चालायची. वक्तृत्वाचं बक्षीसही नुकतंच पदरात पडलं होतं. त्यामुळे घरात हिची वाचा बसते, हे कुणाला पटतच नव्हतं.

बाबांचं डोकं गाडीच्या डिकीत होतं. ते बाहेर आलं नाही.

"मीटर दे," ते म्हणाले. मग वीज येतेय का ते मीटरनं तपासता तपासता, "होतोच आहोत की. उद्या."

खरंच होतं ते. उद्या आई मावशीच्या गावी राहायला जाणार होती, कायमची. शिवलेले कपडे पोचवायला गाडी लागते, म्हणून गाडीही तिच्याबरोबर. भुंगीनं कुणाकडे राहायचं ते भुंगीनंच आज सांगायचं होतं. "तू आता मोठी आहेस," असं दोघांनी दोन वेगळ्या खोल्यांत, अगदी त्याच शब्दांत सांगितलं होतं. तिला रडू येत नव्हतं. दातवाल्या डॉक्टरनं सुई टोचली की गाल कसा आपला राहत नाही, तसं तिचं सगळंच झालं होतं.

घरात भांडण नव्हतं. असतं तर निदान आवाज तरी असता. "बाबांना सांग, जेवायला वाढलंय." "आईला म्हणावं, भूक नाही." दोघं एकाच टेबलापाशी, आणि मध्ये भुंगी टपाल वाटत बसलेली.

त्यात हा ॲम्प. गाडीतल्या स्पीकरना ताकद पुरवणारा डबा, डिकीत मागच्या सीटला पाठीमागून ठोकलेला. जरा नीट चालतोय म्हणावं, की बंद. कधी अर्थिंगचा स्क्रू ढिला झालेला, कधी स्टिरिओकडून ॲम्पला 'चालू हो' सांगणारी रिमोटची बारीक वायर निसटलेली, एकदा तर स्पीकरची तारच उपटून आली होती. "रस्तेच असे आहेत, हादऱ्यानं होतं," बाबा म्हणायचे. ते लिफ्ट दुरुस्त करायचे. ॲम्प दुसऱ्या कुणाला दाखवायचा म्हटलं की त्यांचं नाक कापलं जायचं.

या वेळी काय बिघडलंय ते मात्र भुंगीला कळेना. तिनं सकाळीच डिकी उघडून पाहिली होती. स्क्रू घट्ट होता. वायरी जागच्या जागी होत्या.

"अगं, स्टिरिओ चालू कर," बाबांनी हाक दिली.

आई पुढच्या सीटवर बसलेली होती. भुंगीच्या हातात टॉर्च, त्यामुळे बटणं दाबायला दर वेळी आईच लागायची.

"केला. अहो, लागला का लाईट?"

घरात हे "अहो" कधीच संपलं होतं. घरात ते "तुझे बाबा" होते. गाडीत मात्र टपालवालीची गरज पडायची नाही.

"नाही लागला. रिमोटला बारा व्होल्ट येतायत. अर्थिंग ठीक. मेन वायरला शून्य."

"म्हणजे?"

"म्हणजे बॅटरीपासून इथपर्यंत कुठेतरी घसा बसलाय."

"कुणाचा?"

बाबांनी डिकीतून डोकं बाहेर काढलं. "वायरचा," ते म्हणाले.

त्यांनी पुढे जाऊन बॉनेट उघडलं. बॅटरीजवळचा फ्यूज उपसून टॉर्चसमोर धरला. आतली पट्टी शाबूत होती. मीटरची टोकं फ्यूजच्या माथ्यावर ठेवली, मीटर वाजला, म्हणजे आतून वीज जात होती. खाली धातूच्या पायांवर ठेवली, गप्प. त्यांनी परत लावून पाहिलं. परत गप्प.

मग त्यांनी फ्यूजचा एक पाय नखानं खरवडला. काचेसारखं पातळ साल निघालं. त्यांनी ते नाकाशी नेलं. भुंगीपर्यंतही वास आला. नेलपॉलिश, बिनरंगाचं. घरात त्याची एकच बाटली होती, आईच्या शिलाई मशीनच्या खणात. बटणाचा दोरा सुटू नये म्हणून ती गाठीवर थेंब सोडायची. नखांना तिनं कधी लावलं नव्हतं.

आई गाडीतून उतरून बॉनेटपाशी आली. नजर बॅटरीवर.

"सापडलं?"

बाबांनी फ्यूज मुठीत घेतला.

"गंज चढलाय," ते म्हणाले. "होतं असं."

"परत चढेल?"

"चढू शकतो. लक्ष ठेवावं लागतं."

"तिकडे ह्यातलं कुणाला कळत नाही."

"नाहीच कळायचं." त्यांनी पॉलिश पेपरनं फ्यूजचे पाय घासायला घेतले. पुष्कळ वेळ घासत राहिले. "गाडी इथेच राहिली तर मी बघेन."

"गाडी एकटी कशी राहील?"

"एकटी नाहीच ठेवायची. एकटी ठेवली की बॅटरी उतरते."

आईनं पदराला चिकटलेला एक दोरा काढला आणि हातातच ठेवला.

फ्यूज बसला. ॲम्पचा हिरवा लाईट लागला, आणि रेडिओवरची बाई एकदम मोठ्यानं उद्याचं हवामान सांगायला लागली. आवाज कमी करायला कुणीच गेलं नाही.

"भुंगे," आई म्हणाली, "तुझं काय ठरलं मग?"

बाबांनीही हात पुसता पुसता वळून पाहिलं. पहिल्यांदाच दोघं एका जागी उभे राहून एकाच उत्तराची वाट बघत होते. भुंगीनं टॉर्च बंद केला.

"ठरलं," ती म्हणाली. "आजपासून ॲम्प बिघडवणं मी सोडलं. यापुढे तुमचा तुम्ही बिघडवा."