दीड वीत कमी

घरामागच्या मोकळ्या जागेत रोज सकाळी लेक चेंडू टाकायची आणि बाप उकिडवा बसून तो झेलायचा. एकेकाळी तो कारखान्याच्या सॉफ्टबॉल टीमचा कॅचर होता. रविवारी तिची निवड चाचणी होती, आणि चेंडू सोडताना तिचं पुढचं पाऊल काही केल्या त्यानं आखलेल्या चुन्याच्या रेघेपर्यंत पोचत नव्हतं.

"पाऊल आखडलं की कंबर वळत नाही, आणि कंबर वळली नाही की चेंडूला जोर येत नाही! किती वेळा सांगू?" तो तरातरा आला, वाकला आणि त्यानं मातीतल्या बुटाच्या ठशापासून रेघेपर्यंत हातानं मोजलं. "दीड वीत कमी! परत टाक!"

तिनं परत टाकला. परत दीड वीत कमी.

आता मात्र त्याचं टाळकंच सरकलं. "तुझ्या कोचबाई सांगतात, मैदानात पोरीचं पाऊल बरोब्बर रेघेवर पडतं. मग बापासमोरच कसली ही थेरं? मी इथं गुडघे झिजवायला बसलोय का?"

"बाबा, पुरे आता."

"पुरे काय पुरे? त्या मैदानातल्या कॅचरमध्ये असं काय आहे, जे माझ्यात नाही?"

तिनं हातातला ग्लोव्ह जमिनीवर आपटला.

 

"तिला चेंडू दिसतो, बाबा! तुम्ही नुसता अंदाजानं हात पुढे करता. पूर्ण जोरानं टाकू तुमच्या तोंडावर?"