बेल्यावरचे दोन ठिपके

खेळाचा दहा हजारावा बॉक्स विकला गेला तसे चाहत्यांच्या ग्रुपवर पेढ्यांचे फोटो आले. चौघांनी टेबलाभोवती बसून, सोंगं घेऊन, फासे टाकत खेळायचा तो खेळ कुलदीप बेला गावातल्या आपल्या किराणा दुकानात वर्षभर एकटाच खेळत होता. कंपनीनं नकाशा टाकला: प्रत्येक बॉक्सचा लाल ठिपका. पुणं नुसतं लाल. बेल्यावर दोन. त्यानं बोटांनी नकाशा मोठा करून पुन्हा पाहिलं. दोन. मग गावात दुसरं कोण? दुकान उघडंच टाकून तो पार्सल वाटणाऱ्या भारतकडे गेला. “दोनी तुयेच,” भारत म्हणाला. “तू आदिलाबादले गेल्ता म्हून पैलं वापस गेलं, मंग त्याईनं दुसरं धाडलं. काऊन?” “काई नाई.” दुकानात येऊन त्यानं समोर दुसरं स्टूल ओढलं. दुसऱ्या ठिपक्याला नाव दिलं, गाव बेलाच ठेवलं, आणि त्याच्या वाटचा फासा टाकला.