लुगड्याचा तुकडा

प्रदर्शनात देशोदेशीच्या गोधड्या शेजारी शेजारी टांगल्या होत्या. लेक प्रत्येकीखालची पाटी वाचून दाखवत होती.

"ही बघा आबा, अमेरिकेतली. नवरा गेल्यावर बाईने त्याच्याच कपड्यांची शिवली. हीच पांघरून झोपायची म्हणे."

गुडघ्याशी विटलेल्या विजारींच्या तुकड्यांकडे आबा बघत राहिले. "मेलेल्या माणसाचं कापड पांघरतात?"

"त्यांच्यात पांघरतात."

आपल्यात जाळतात. बायकोच्या दहाव्याला आबांनी तिची सगळी लुगडी नदीकाठी पेटवून दिली होती. लेकीने एक मागितलं, तर "घरात अपशकुन नको," म्हणून तिच्यावर खेकसले होते.

घरी येताच त्यांनी बायकोने शिवलेली गोधडी अंगणात पसरली आणि वाकून एकेक ठिगळ बघू लागले. त्यांची धोतरं सापडली, सदरे सापडले, लेकीचा शाळेतला फ्रॉकही सापडला.

"काय शोधताय?"

"तिच्या लुगड्याचा तुकडा."

लेक शेजारी बसली. "आई लुगडं पार चिंध्या होईस्तोवर नेसायची, आबा. गोधडीला उरायचं कुठं? धड होती ती नदीकाठी..."



आबांनी गोधडी उलटी केली आणि दुसऱ्या बाजूने पुन्हा शोधायला लागले.